लेखणी अडते तेव्हा

कथा लिहू पाहणाऱ्या माणसाची एक नेहमीची तक्रार असते: "काही सुचत नाही." पहिल्या दोन-चार कथा भराभर लिहून होतात. एखादी दिवाळी अंकात छापून येते, गावातले चार लोक कौतुक करतात, आणि मग एकाएकी झरा आटतो. कोरा कागद पुढे घ्यावा, शीर्षक घालावे, दोन ओळी लिहाव्यात, त्या खोडाव्यात आणि उठून पाणी प्यावे, असे महिनेच्या महिने जातात. लेखक धर्माबादसारख्या गावी राहणारा असला, तर या तक्रारीला आणखी एक शेपूट जोडलेले असते. "आमच्या गावात घडतंच काय? मिरचीचा बाजार, रेल्वेचं स्टेशन आणि ऊन. गोष्टी घडतात त्या पुण्या-मुंबईला, नाही तर हैदराबादेत."

वाचकहो, या तक्रारीचा आपण जरा शांतपणे विचार करू. 'सुचत नाही' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपले नेमके काय अडलेले असते? पुष्कळदा असे दिसते की कल्पना संपलेल्या नसतात, आपण त्या चुकीच्या जागी शोधत असतो. आपण विषय शोधतो. दुष्काळ हा विषय, सीमाप्रश्न हा विषय, स्त्रीचे दुःख हा विषय. आता दुष्काळावर लेख लिहिता येतो, भाषण करता येते. पण दुष्काळावर गोष्ट लिहिता येत नाही. गोष्ट लिहिता येते ती दुष्काळात बैल विकायला निघालेल्या एका माणसावर, आणि तीसुद्धा तो बाजाराच्या वाटेवर एका ठिकाणी पाणी पाजायला थांबला म्हणून. विषय जितका मोठा, तितकी लेखणी जड होते. बी लहान असते, म्हणूनच ते मातीत जाते.

हे बी किती लहान असावे? हेन्री जेम्स या कादंबरीकाराने आपल्या एका कादंबरीचा उगम सांगून ठेवला आहे. एकदा जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेली बाई सहज बोलून गेली की, अमुक एका विधवा बाईचे आणि तिच्या एकुलत्या मुलाचे बिनसले आहे, आणि तेही घरातल्या जुन्या, सुंदर सामानसुमानावरून. एवढे शब्द जेम्सला पुरले. ती बाई पुढची हकीकत सांगू लागली, तेव्हा त्याला ती नकोशी झाली. खऱ्या आयुष्यात ते भांडण पुढे कसेतरीच वाहत गेले होते. त्याच्या मनात मात्र ते आता नीट उगवू लागले होते. यातूनच पुढे १८९७ साली 'द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन' ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. रशियन लेखक कोरोलेन्को याने चेखॉव्हची अशीच एक आठवण लिहून ठेवली आहे. कथा कशा लिहिता, असे बोलणे निघाले असता चेखॉव्हने टेबलावरचे रक्षापात्र उचलून दाखवले आणि म्हटले, हवे असेल तर उद्या याच्यावर कथा तयार असेल. यात बढाई थोडी असेलही, पण शिकवण मोठी आहे. वस्तू कोणतीही चालते. तिला प्रश्न विचारणारा माणूस पाहिजे.

तेव्हा आता आपण पुस्तके बाजूला ठेवू आणि धर्माबादच्या बाजारात जाऊ. लाल मिरचीसाठी हे गाव दूरवर ओळखले जाते. हंगामात मिरचीचे ढीग पडलेले असतात, हवेत तिखट असते आणि नवा माणूस आल्या आल्या ठसकतो. गावच्या लेखकाला हे सारे इतके सवयीचे झालेले असते की त्याला ते दिसतच नाही. त्याने एक दिवस एवढेच करावे: बाजाराचे वर्णन करण्याच्या भानगडीत न पडता एकाच माणसाकडे अर्धा तास पाहावे.

समजा, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांपैकी एकीकडे तुम्ही पाहिलेत. दिवसभर ते काम केल्यावर बोटांची आग होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आता पुढचा प्रश्न विचारा. तिला घरी तान्हे मूल असेल तर? संध्याकाळी ती घरी जाते, मूल रडत असते, आणि त्याचे डोळे पुसायला तिचे हात चालत नाहीत. कितीही धुतले तरी तिखट जात नाही. मग मुलाला पुसते कोण? सासू? शेजारीण? की सात-आठ वर्षांची थोरली मुलगी, जिला त्यासाठी शाळेतून लवकर यावे लागते? पाहा, 'स्त्रीचे दुःख' हा विषय बाजूला राहिला आणि एक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. तिच्यात माणूस आहे, त्या माणसाला काहीतरी हवे आहे, आणि त्याच्या आड काहीतरी आले आहे. या तीन गोष्टी हाताशी आल्या की लेखणी चालू लागते. चौथी एक जोडली तर आणखी बरे, ती म्हणजे मुदत. उद्या मुलीची परीक्षा आहे, आणि आज संध्याकाळी गाडी माल उचलायला येणार आहे. मुदत आली की गोष्टीला पाय फुटतात.

बाजारातून कथा निघते याचा फार चांगला पुरावा मराठवाड्याच्या साहित्यातच आहे. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. तिच्यातली घटना केवढी? एक शेतकरी टोमॅटो बाजारात घेऊन येतो, भाव पार कोसळतो, आणि शेवटी तो स्वतःच्या मालावर स्वतः नाचून त्याचा चिखल करतो. कोसळलेला भाव ही वर्तमानपत्रातली बातमी असते, आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. बापाचे पाय त्या लाल चिखलात नाचताना मुलगा पाहतो, तेव्हा ती शिळी होत नाही. धर्माबादच्या बाजारातही लिलाव होतात, काटा लागतो, हमाली आणि तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. त्या पट्टीच्या कागदावर शेवटचा आकडा असतो. तो आकडा बघून घरी जाताना ज्याने मुलीला बांगड्या कबूल केल्या होत्या तो काय करतो, हे ज्या दिवशी तुम्हाला विचारावेसे वाटेल, त्या दिवशी सुचण्याची तक्रार राहणार नाही.

आता दुसरी जागा पाहू. धर्माबाद हे सीमेवरचे गाव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशात गेली. १९६० साली महाराष्ट्र झाला. २०१४ साली पलीकडे तेलंगण झाले. शाळेच्या पुस्तकात या सनावळ्या रूक्ष वाटतात. पण १९५० साली मुधोळकडून धर्माबादला लग्न होऊन आलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिचे माहेर आणि सासर तेव्हा एकाच जिल्ह्यात होते. सहा वर्षांनी माहेर दुसऱ्या राज्यात गेले. ती म्हातारी झाली तेव्हा ते तिसऱ्याच राज्याचे झाले. सासरही हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र असे तीन राज्यांतून फिरले. दोन्ही घरांचा एक दगडसुद्धा जागचा हलला नाही! त्या बाईच्या रेशनकार्डावर, भावाच्या जमिनीच्या कागदावर, भाचीच्या शाळेच्या दाखल्यावर काय काय लिहिले गेले असेल? तिच्या नातवाने एका सकाळी जुनी पेटी उघडली आणि त्यात एकाच गावाचे तीन राज्यांतले तीन पत्ते सापडले, एवढ्यावर कादंबरी लिहिता येईल.

सीमेची आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. त्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. म्हणजे नदीलाच तारखा लागल्या! लेखकाने इथे थांबून विचार करावा. पाऊस तारखा पाळत नाही, पीक तारखा पाळत नाही, दरवाजे मात्र तारीख पाळतात. फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ज्याची मोटर पाण्यात आहे, आणि खालच्या अंगाला ज्याचे पीक पाण्याची वाट पाहत आहे, असे दोघे साडू असले तर? कोण बरोबर, हे ठरवणे कोर्टाचे काम. त्या रात्री दोघांपैकी कोणाला झोप लागली नाही, हे सांगणे तुमचे काम.

याच बंधाऱ्यावरून जुलै २०१० मध्ये आंध्र प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आपल्या सहकाऱ्यांसह इकडे आले, तेव्हा त्यांना अटक होऊन धर्माबादेत ठेवण्यात आले होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत गावाचे नाव झळकले. अशा वेळी नवशिक्या लेखकाला वाटते, वा, केवढा विषय मिळाला! आणि तो नेत्यांवर लिहू लागतो आणि तिसऱ्या पानावर अडतो, कारण नेत्यांविषयी त्याला वर्तमानपत्राहून अधिक काही माहीत नसते. त्याने उलट विचार करावा. एवढी माणसे गावात अडकली, तर त्यांचा स्वयंपाक कोणीतरी केलाच असेल. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या एखाद्या शिपायाची मावशी पलीकडच्या गावची असेल. पहारेकऱ्याला तेलुगू कळत असेल, आणि आपल्याला ते कळते हे त्याने साहेबाला सांगितले नसेल! मोठी घटना दाराशी आली की तिच्याकडे पाठ करून, तिच्यामुळे ज्याच्या ताटातली भाकर बदलली त्या माणसाकडे पाहावे. कथेला वाट तिथून असते.

तिसरी जागा घरातच आहे, आणि ती दर वर्षी थोडी थोडी रिकामी होत आहे. ती म्हणजे घरातली म्हातारी माणसे. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, धर्माबादजवळच्या उमरीची बँक हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी लुटली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला निजामाचे राज्य संपले. हा इतिहास पुस्तकात आहे. पुस्तकात जे नाही ते विचारायला हवे. त्या काळात लहान असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत; पण त्यांनी मुलांना, सुनांना सांगितलेले अजून आहे. विचारताना मात्र मोठा प्रश्न विचारू नये. "आजी, रझाकारांच्या काळाबद्दल सांग" म्हटले की आजी दोन वाक्यांत आटोपते, नाही तर भाषण देते. त्याऐवजी विचारा, "तेव्हा रात्री दिवा लावायचे का? दागिने कुठं पुरले होते? गाव सोडलं तर म्हैस कोणाकडं ठेवली?" म्हशीचा प्रश्न विचारला की आजी उठून बसते. त्या म्हशीला धरून शेजारी येतो, शेजाऱ्याचा धर्म येतो, परत आल्यावर म्हैस मिळाली की नाही ते येते. आणि ती म्हैस शेजाऱ्याने इमानाने सांभाळली होती असे निघाले, तर तुमच्या मनातल्या ठरीव गोष्टीला तडा जातो. तडा गेला की समजावे, खरी कथा सुरू झाली.

आता अडणुकीचे एक निराळे कारण सांगतो, कारण त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. पुष्कळदा कल्पना असते, माणसे असतात, आणि तरीही लेखणी हलत नाही. तिथे अडलेली असते ती भाषा. धर्माबादेत माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात तेलुगू बोलतो, आणि दोस्ताशी भांडताना दख्खनीत शिरतो. पण कथा लिहायला बसला की तो पुण्याच्या पुस्तकातली मराठी पांघरून बसतो. मग त्याचा अडत्या म्हणतो, "आपण इतक्या विलंबाने का बरे आलात?" असे कोणता अडत्या बोलेल? तो म्हणेल, "कायकू इतका उशीर केलाव, मामा? काटा बंद व्हायलाय की!" पहिले वाक्य लिहिल्यावर दुसरे सुचत नाही, कारण तो माणूसच खोटा आहे. दुसरे लिहिल्याबरोबर मामा उत्तर देतो. लेखणी अडली की एक प्रयोग करावा. कथेचे वर्णन सोडून द्यावे आणि दोन माणसांचे नुसते बोलणे, जसे कानावर पडते तसे, एक पानभर लिहावे. वर्णन कोणत्या मराठीत करायचे ते मागाहून ठरवता येते.

ज्यांनी मराठी कथेला नवी माणसे दिली त्यांनी हेच केले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले, ते त्यांच्या स्वतःच्या कोरड्या मुलखातल्या माणसांना घेऊन. परभणीचे बी. रघुनाथ तर आपले फारच जवळचे. निजामी अमलात, सरकारी बांधकाम खात्याची नोकरी सांभाळून, त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली, वयाच्या चाळिशीत, ते गेले. त्यांच्यापाशी पुण्याची हवा नव्हती आणि सवडही नव्हती. भोवतालचा मराठवाडा मात्र होता, आणि तो त्यांना पुरला.

एवढे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, हे पटले. पण रोज बसायचे कसे? इथे शेजारच्या बासरची आठवण होते. धर्माबादहून निजामाबादकडे जाताना, सीमा ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर सरस्वतीचे ते जुने क्षेत्र लागते. आईबाप लहान मुलांना तिथे पहिले अक्षर गिरवायला नेतात. तिथली आख्यायिका अशी की, व्यासमुनी गोदावरीकाठी राहिले असता रोज स्नान करून मूठ मूठ वाळू आणून ठेवीत, आणि त्या वाळूतून देवीची मूर्ती झाली. श्रद्धा ज्याची त्याची. पण लिहिणाऱ्याने यातली एक गोष्ट घ्यावी: वाळू रोज आणायची, आणि मुठीएवढीच आणायची.

त्यासाठी खिशात मावेल अशी एक वही ठेवा. रोज चारच नोंदी करा. एक, आज कानावर पडलेले एक वाक्य, बोलले तसेच. दोन, हातांनी केलेले एक काम: सुतळीने पोत्याचे तोंड शिवणे, वाळवण उलटवणे, वजन मोजणे. तीन, कोणालातरी हवी असलेली आणि न मिळालेली एक वस्तू. चार, 'जर' ने सुरू होणारा एक प्रश्न: जर गाडी त्या दिवशी थांबली नसती तर? जर पट्टीवरचा आकडा चुकून जास्त पडला असता तर? महिन्याने शंभरावर नोंदी होतील. त्यातल्या नव्वद टाकाऊ निघतील, निघू द्या. उरलेल्यांपैकी कोणत्याही दोन, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, शेजारी ठेवून पाहा. देठ खुडणारी बाई आणि पेटीतले तीन पत्ते. पोत्याचे तोंड शिवणारा हमाल आणि सांभाळलेली म्हैस. दोन गारगोट्या घासल्या की ठिणगी पडते, तसे इथे होते.

आणि लिहिणे सुरू झाले की एक पथ्य पाळा. हेमिंग्वेचा सल्ला असा होता की पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे काम थांबवावे. विहीर उपसून कोरडी करू नये; थोडे पाणी राखावे, म्हणजे रात्री ती भरते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाची भीती वाटत नाही, कारण अर्धे वाक्य तुमची वाट पाहत असते.

शेवटी एक सावधगिरी. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. शेजाऱ्याच्या घरातले दुःख जसेच्या तसे उचलून छापले, तर कथा होईल पण शेजार तुटेल. आणि ज्याने विश्वासाने सांगितले त्याच्याशी ती बेइमानी ठरेल. म्हणून बी तेवढे घ्या, झाड आपले वाढवा. बाईच्या जागी पुरुष करा, मिरचीच्या जागी हळद करा, दोन माणसांचे एक करा. असे बदल केल्याने कथा दुबळी होत नाही. उलट, जे खरोखर घडले त्याच्या दोरीतून सुटल्यामुळे ती मोकळी होते. हेन्री जेम्सला पुढची हकीकत नकोशी झाली, ती याच कारणाने.

तेव्हा लेखणी अडली म्हणून खिन्न होऊ नका, आणि गाव लहान म्हणून तर मुळीच नाही. पुण्या-मुंबईविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मिरचीच्या तिखटाने आईचा हात मुलाच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही, हे धर्माबादच्या माणसाने लिहिले नाही तर दुसरे कोण लिहिणार? आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि एकच लहानसा प्रश्न विचारा. उत्तर मिळाले की झोपण्यापूर्वी ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून ठेवा. एवढी एक मूठ आजच्यापुरती पुष्कळ आहे.